न्यूयॉर्क, शिकागो आणि सिल्वासा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

अमेरिकेतील मोठ्या शहरांपैकी खऱ्या अर्थाने सर्वदेशीय शहर कोणते, हा तेथील लोकांचा एक आवडता वादविषय आहे. मुंबईच्या संदर्भात आपण ज्याला ‘कॉस्मॉपॉलिटन’ म्हणतो, तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे. न्यूयॉर्कचा मनुष्य या वादात सहसा पडत नाही. उत्तर उघड आहे असेच तो गृहीत धरतो. लॉस एंजेलिसचा मनुष्य आपल्या शहरात बोलल्या जाणाऱ्या भाषा मोजू लागतो. शिकागोचा अभिमानी पोलिश, आयरिश, मेक्सिकन अशा वस्त्यांची नावे घेतो, आणि ह्यूस्टनचा रहिवासी तर अलीकडे सर्वांना मागे सारून पुढे येऊ पाहतो. वाद करमणुकीचा आहे हे खरे. तथापि त्यात जी मापे वापरली जातात ती तपासून पाहिली, तर आपल्या घराजवळच्या एका लहान शहराकडे पाहण्याची दृष्टी त्यांतून मिळते. ते शहर म्हणजे दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा.

प्रथम अमेरिकेतील मापांचा विचार करू. पहिले माप अगदी सोपे आहे: परदेशी जन्मलेले लोक किती? न्यूयॉर्कमध्ये ते एक-तृतीयांशाहून अधिक आहेत. लॉस एंजेलिसमध्येही तसेच. शिकागोत त्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश भरते. या मापाने पाहिले तर मायामी या सर्वांवर मात करते, कारण तेथील निम्म्याहून अधिक लोक परदेशी जन्मलेले आहेत. मग मायामी हेच सर्वांत बहुरंगी शहर म्हणावयाचे काय? तसे म्हणण्यास कोणीही तयार होणार नाही. मायामीत आलेले बहुसंख्य लोक क्यूबा आणि लॅटिन अमेरिकेतील इतर देशांतून आले आहेत, आणि बहुसंख्य घरांत एकच भाषा, स्पॅनिश, चालते. बाहेरून पुष्कळ लोक आले म्हणजे पुष्कळ प्रकारचे लोक आले असे होत नाही, ही साधी गोष्ट मायामीच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

म्हणून दुसरे माप पुढे येते: आलेल्यांत प्रकार किती, आणि कोणा एकाचे प्राबल्य आहे काय? येथे न्यूयॉर्कची बाजू बळकट होते. त्या शहराचा क्वीन्स नावाचा एक विभाग आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख भरली, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे लोक परदेशी जन्मलेले आहेत. मनहटनहून फ्लशिंगकडे जाणारी सात क्रमांकाची गाडी या विभागात उंच खांबांवरून धावते. तिच्या एका स्थानकावर उतरावे तो बंगाली दुकाने, पुढच्या काही स्थानकांवर कोलंबिया-इक्वाडोरच्या खानावळी, आणि शेवटच्या स्थानकावर चिनी पाट्या. ब्रुकलिन व क्वीन्स मिळून जो कॅथलिक धर्मप्रांत होतो, त्यात वीसहून अधिक भाषांतून मिस्सा अर्पण केला जातो. एकाही गटाला आपण बहुसंख्य आहोत असे म्हणता येऊ नये, हे न्यूयॉर्कचे खरे वैशिष्ट्य होय. ह्यूस्टनचीही स्थिती आता अशीच आहे. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित तेथे आले, मेक्सिको व मध्य अमेरिकेतून कामकरी आले, भारतीयांच्या दुकानांची एक वस्ती महात्मा गांधींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र ह्यूस्टन हे मोटारीचे शहर आहे. माणसे घरातून मोटारीत आणि मोटारीतून कचेरीत जातात. एकमेकांच्या वाटेत येण्याचा प्रसंगच क्वचित.

या एका वाक्यावरून तिसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. एका शहरात राहणारी ही माणसे एकत्र राहतात काय? या बाबतीत शिकागोचे उदाहरण विशेष मननीय आहे. २०२० च्या मोजणीत तेथे गोरे, कृष्णवर्णी आणि लॅटिन अमेरिकी या तिन्ही गटांचे प्रमाण प्रत्येकी एक-तृतीयांशाहून थोडे कमी, असे जवळजवळ समसमान भरले. कागदावर याहून सुंदर समतोल कोणता? परंतु शहराचा नकाशा उघडला की हे तीन रंग एकमेकांत मिसळलेले दिसत नाहीत. तीन स्वतंत्र पट्टे दिसतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील शेतांवरून कृष्णवर्णीयांचे लोंढे शिकागोकडे येऊ लागले, तेव्हा घरांच्या खरेदीखतांत ‘हे घर कृष्णवर्णीयास विकू वा भाड्याने देऊ नये’ अशी कलमे घातली गेली. अशा कलमांची न्यायालयांनी अंमलबजावणी करू नये, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. पण कलम गेले तरी पट्टे राहिले. १९६६ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी गोऱ्यांच्या वस्तीतून मिरवणूक नेली, तेव्हा त्यांना दगड लागला तो याच शहरात.

याच शिकागोत कत्तलखान्यांच्या पाठीमागे कामगारांची एक जुनी वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे काही गल्ल्यांच्या अंतरात पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक, जर्मन व आयरिश लोकांची वेगवेगळी कॅथलिक देवळे उभी होती. एकच श्रद्धा, एकच लॅटिन प्रार्थना. परंतु शेजारच्या देवळाची पायरी चढावयाची नाही. कारखान्यात मात्र हे सगळे एकाच रांगेत उभे राहत. १९३९ साली सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन या दोघांनी तेथील धर्मग्रामे, कामगार संघटना आणि मंडळे यांची एक परिषद घडवून आणली, तेव्हा ही मंडळी प्रथमच एका टेबलाभोवती बसली. बालकांना दुपारचे जेवण, आरोग्यकेंद्र अशी कामे त्यांनी हाती घेतली व पार पाडली. पुढे एक पिढी उलटल्यावर हीच वस्ती कृष्णवर्णीयांना आत येऊ देण्यास नाखूष झाली, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. एकमेकांशी समेट केलेले परके, नव्या परक्यापुढे एक होऊन उभे राहिले.

या मापांची मर्यादा पुरती कळावयाची असेल तर १९९२ हे एकच वर्ष आठवावे. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर लॉस एंजेलिस पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली आणि कोरियन दुकानदारांची कितीतरी दुकाने जळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत आपली मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० नोंदविली. दोन्ही शहरे आपापल्या देशांत बहुरंगीपणाबद्दल नावाजलेली. आदल्या दिवशीचा जनगणनेचा तक्ता आणि दुसऱ्या दिवशीचा तक्ता यांत काहीही फरक नव्हता. मुंबईत २०११ च्या गणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले लोक एक-तृतीयांशाहून थोडे अधिक आहेत, बाकीच्या दोन-तृतीयांशांत हिंदी, उर्दू, गुजराती आणि देशातील बहुतेक सर्व भाषा येतात. हा आकडा मुंबईची ओळख करून देतो खरा, परंतु मुंबईच्या स्वभावाची हमी देत नाही.

आता सिल्वाशाकडे वळू. गुजरातचा वलसाड जिल्हा आणि महाराष्ट्राचा पालघर जिल्हा यांच्यामध्ये ४९१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. १७७९ साली पेशव्यांशी झालेल्या तहाचा परिणाम म्हणून १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली. दादरा १७८५ मध्ये त्यांच्या हाती आला. १९५४ च्या जुलैत फ्रान्सिस मस्करेन्हस आणि त्यांच्या गोमंतकीय सहकाऱ्यांनी दादरा मोकळा केला, आणि २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इत्यादींच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले. त्या तुकडीत गायक सुधीर फडके होते, ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक आहेच. गोव्याचा ख्रिस्ती, पुण्याचा स्वयंसेवक आणि गुजरातचा कार्यकर्ता एकाच कामासाठी येथे आले होते. सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्याशी जोडलेला आहे.

१९६१ साली या सर्व प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती. त्यानंतर मागास प्रदेश म्हणून करांत सवलती मिळाल्या. कृत्रिम धाग्याचे, प्लास्टिकचे, लहानमोठे शेकडो कारखाने उभे राहिले. जवळच वापीचे रेल्वे स्थानक. मुंबई-अहमदाबाद रस्ता हाताशी. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, राजस्थान, महाराष्ट्र, सर्व दिशांनी कामगार येऊ लागले. २००१ साली २ लाख २० हजार असलेली वस्ती २०११ मध्ये ३ लाख ४३ हजारांवर गेली. दहा वर्षांत इतकी टक्केवारीने वाढ देशातील दुसऱ्या कोणत्याही राज्यात वा केंद्रशासित प्रदेशात झाली नाही. सिल्वासा शहराचा आकडा या दशकात २२ हजारांवरून ९८ हजारांवर गेला, असे सांगितले जाते. मात्र मध्यंतरी शेजारची आमली त्यात सामावली गेली, हे ध्यानात घेतल्याशिवाय हा आकडा उद्धृत करू नये.

पहिल्या मापाने, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या प्रमाणाने, सिल्वासा अमेरिकेतील पुष्कळ शहरांच्या तोडीचे ठरेल. दुसऱ्या मापानेही त्याला कमी लेखता येणार नाही. सायंकाळी कारखान्यांची पाळी सुटल्यावर रस्त्यावर भोजपुरी, ओडिया, राजस्थानी, गुजराती, मराठी यांची सरमिसळ ऐकू येते. पोर्तुगीज काळातले चर्च अद्याप गोवा व दमणच्या महाधर्मप्रांतात मोडते. सरकारी शाळांतून गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी चार माध्यमे चालतात. एवढ्याशा शहरात चार माध्यमे असलेली उदाहरणे देशात फारशी सापडणार नाहीत.

पण एक आकडा असा आहे की जो या चित्रावर सावली टाकतो. १९९१ साली या प्रदेशात हजार पुरुषांमागे ९५२ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये ८१२. २०११ मध्ये ७७४. येथे मुली नकोशा आहेत म्हणून हे घडले असे कोणी समजू नये. २००१ च्याच गणनेत येथील आदिवासींमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. घट झाली ती एकटे येणाऱ्या पुरुषांमुळे. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, पाळीपाळीने झोपतात, पगाराचा मोठा भाग गावी पाठवितात आणि सणाला गावी जातात. अशा माणसाला सिल्वासा हे आपले गाव वाटावे कसे? अमेरिकेने हा प्रकार पूर्वी पाहिलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत एकोणिसाव्या शतकात असेच एकटे पुरुष राहत. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घातली, त्यांच्या बायकांना येणे दुरापास्त झाले, आणि १९४३ पर्यंत तो कायदा कायम राहिला. दोन पिढ्या ती माणसे शहरात असूनही शहराची झाली नाहीत. येथे तसा कायदा नाही. खोलीचे भाडे, मुलाच्या शाळेचे माध्यम आणि कंत्राटी नोकरी एवढ्यानेच ते काम होते. मुलाचे नाव शाळेत घातले म्हणजे कुटुंब रुजू लागते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

आता राहिला तो एक प्रश्न, जो अमेरिकेतील वादात सहसा विचारलाच जात नाही. मनहटन हे नाव लेनापे लोकांच्या भाषेतील आहे. शिकागो हे नाव रानटी कांदा-लसणीच्या एका वनस्पतीसाठी असलेल्या मूळ रहिवाशांच्या शब्दावरून आले. नावे तेवढी उरली. १८३३ च्या तहाने पोटावाटोमी लोकांना शिकागोच्या परिसरातून पश्चिमेस जावे लागले, आणि त्यानंतर ते शहर झपाट्याने वाढले. जगातील सर्व देशांचे लोक जेथे येऊन राहिले त्या भूमीवर आधी कोण होते, हा प्रश्न तेथे बहुरंगीपणाच्या हिशेबात धरीत नाहीत, कारण उत्तर देणारे त्या शहरांत फार थोडे उरले आहेत.

मुंबईची स्थिती याहून बरी. वरळी, माहीम, वर्सोव्याचे कोळीवाडे अद्याप उभे आहेत. वांद्र्याच्या व गिरगावच्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपली मराठी बोली अजून घरात बोलतात. त्यांच्या भोवती इमारती वाढल्या, पण ते नाहीसे झाले नाहीत.

सिल्वाशाची गोष्ट तर या दोहोंहून वेगळी आहे. शहराच्या आसमंतातील रांधा आणि त्यासारखी गावे पाहावीत. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी या जमातींचे हे मूळ घर. वारल्यांचे नातेवाईक सीमेपलीकडे तलासरी, डहाणू, जव्हारला आहेत. लग्नातला चौक, तारप्यावरचा नाच, कणसरी देवीची पूजा, हे सर्व दोन्ही बाजूंना एकच. १९७१ साली प्रदेशातील ८५ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी होते. २००१ मध्ये ते ६२ टक्के आणि २०११ मध्ये ५२ टक्के झाले. त्यांची संख्या घटलेली नाही, उलट वाढलीच आहे. बाहेरून आलेल्यांची अधिक वेगाने वाढली. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून पुढचा आकडा आपल्यापाशी नाही. परंतु निम्म्याची रेषा ओलांडली जाईल तेव्हा या प्रदेशाचा मूळ रहिवासी आपल्याच घरी अल्पसंख्य होईल.

त्याच्या हाती काहीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पोर्तुगीज अमदानीतील अलवारा व तेरम या जमीनधारणेच्या पद्धती १९७१ च्या जमीनसुधारणा नियमाने मोडीत निघाल्या, आणि कसणाऱ्याला हक्क मिळाला. लोकसभेची येथील जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. शिकागोच्या पोटावाटोमींना यांतले काहीही मिळाले नव्हते. दुसरीकडे मधुबन धरणाच्या पाण्याखाली काही गावांची जमीन गेली. रस्त्याकाठी कारखाना आला की ज्याची जमीन त्याच्या मुलाला तेथे कोणते काम मिळते, हा प्रश्न उरतोच. ज्याच्याजवळ थोडी जागा होती अशांनी चाळी बांधून खोल्या भाड्याने दिल्या. अशा ठिकाणी उत्तरेकडील कामगार भाडेकरू असतो आणि घरमालक आदिवासी. दोघांची मातृभाषा वेगळी, भाडे हिंदीत मागितले जाते आणि हिंदीतच दिले जाते. अमेरिकेतील कोणत्या शहराला हे दृश्य दाखविता येईल?

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. वारली बोली मराठी माणसाच्या कानावर पडली की त्याला अर्धी समजते. गुजराती माणसालाही ती ओळखीची वाटते. तेवढ्यावरून दोघेही ती आपल्या भाषेचे अशुद्ध रूप आहे असे समजतात. मराठी लोकांनी या बाबतीत आपला अभिमान जरा आवरावा हे बरे. २०११ च्या तक्त्यात येथे मराठीचे प्रमाण सुमारे ७ टक्के आहे, म्हणून हळहळणारी मंडळी आहेत. परंतु वारल्यांना मराठीच्या रकान्यात ओढून तो आकडा फुगविणे हा न्याय नव्हे. गुजराती अभिमान्यांनाही हेच लागू. गंमत अशी की त्याच तक्त्यात सुमारे ४० टक्के लोकांची भाषा ‘भिली’ अशी छापली आहे. तो सिल्वासा पाहिलेल्या कोणासही बुचकळ्यात टाकणारा आकडा आहे, कारण भिल्ल येथे शोधून सापडणार नाहीत. उलगडा असा की जनगणनेच्या वर्गीकरणात वारली भाषा ‘भिली’ या मोठ्या नावाखाली मोजली जाते. ज्या भाषेचे या भूमीवर सर्वांत अधिक बोलणारे, तिचे नाव प्रदेशाच्या मुख्य तक्त्यात नाही. आणि वर सांगितलेल्या चार माध्यमांतही तिला स्थान नाही. वारल्याचे मूल पहिल्या दिवशी शाळेत बसते ते ओडिशाहून आलेल्या मुलाइतकेच परके असते. दोघांपुढे फळ्यावर जी अक्षरे असतात ती दोघांच्याही घरची नव्हेत. असा एक बाक सिल्वाशाच्या प्रत्येक शाळेत आहे, आणि त्या बाकावरचे दोन विद्यार्थी खेळाच्या तासात ज्या हिंदीत भांडतात व समेट करतात ती त्या दोघांनी मिळूनच तयार केलेली असते.

नवी जनगणना २०२७ साली व्हावयाची आहे. प्रगणक रांध्याच्या एखाद्या पाड्यावर जाईल आणि मातृभाषा विचारील, तेव्हा ‘वारली’ हे उत्तर तसेच्या तसे लिहून घ्यावयाचे असते, असा नियम आहे. अडचण लिहिताना येत नाही, पुढे तक्ते छापताना येते. त्याच प्रगणकाला त्याच दिवशी रस्त्याकाठच्या चाळीत जाऊन सहा जणांच्या खोलीचे दार ठोठावावयाचे असते. दिवसपाळी असेल तर आत कोणी नसते, रात्रपाळी असेल तर सगळे झोपलेले असतात.